अर्जदार नवरा

३ मार्च, मंगळवार

हसले. कोर्टात लोक हसले.

मोठ्याने नाही. मोठ्याने हसले असते तर न्यायाधीशांनी गप्प तरी केलं असतं. कारकुनाने पुकारा केला – घटस्फोटाच्या दाव्यात पोटगीचा अर्ज, अर्जदार नवरा – आणि मागच्या बाकांवरून ते नाकातून सुटतं ना, तसलं हसू आलं. एका बाईने शेजारणीला कोपर मारलं. मी आपला उभा. इस्त्रीचा शर्ट. इस्त्री मीच केलेली, सासूबाईंची न्याहारी आणि औषधं उरकल्यावर.

वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं की असं होणार. कायद्यात नुसतं 'बायको' लिहिलेलं नाही, 'नवरा किंवा बायको' लिहिलंय. ज्याला स्वतःचं उत्पन्न नाही तो मागू शकतो, मग तो पुरुष का असेना. हे त्या मला सांगतात. मागच्या बाकांना कोण सांगणार?

ती समोर बसली होती. केस आखूड कापलेत. माझ्याकडे बघितलं नाही. पण हसलीही नाही, हे लिहून ठेवायला हवं.

पाच मिनिटांत पुढची तारीख. त्यासाठी सकाळपासून धावपळ! वरच्या मजल्यावरच्या आजोबांना आईंपाशी – सासूबाईंना मी आईच म्हणतो – बसवून गेलो होतो. परत आलो तर ते पेपर छातीवर घेऊन घोरतायत, आणि आई खुर्चीत, दाराकडे डोळे लावून. भुवई उडवली. म्हणजे काय झालं? अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे शब्द हरवलेत, भुवई शाबूत आहे. तारीख पडली म्हणालो. "अरे," म्हणाल्या. माझं नाव त्यांना कधीच सापडत नाही. मी 'अरे'.

४ मार्च

पोटगी. शब्दातच पोट. बाईने मागितली तर लोकांच्या पोटात कालवतं, पुरुषाने मागितली तर पोट धरून हसतात.

८ मार्च, रविवार

दादाचा फोन. बातमी पोचली म्हणे. कशी पोचली ते सांगेना. अर्धा तास बोलला, त्यातली वीस मिनिटं आपल्या घराण्याबद्दल. आपल्याकडे कोणी बायकोपुढे हात पसरला नाही वगैरे. मी म्हटलं, आपल्याकडे कोणी सासूचं अंगही पुसलं नाही. तर म्हणतो, तेच तर! तुला कोणी सांगितलं होतं?

कोणी सांगितलं होतं? ठरलं होतं. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलं होतं. आईंना झटका आला तेव्हा लेक पहिलीत. मी दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचो – भूल द्यायची, श्वासाची. आज या गावाला, उद्या त्या. ती भूलतज्ज्ञ. तिचा पगार माझ्या दुपटीहून जास्त आणि पुढे वाढणारा. कोणीतरी घरी राहायला हवं होतं. गणित सरळ होतं. ती म्हणाली, वर्षभर बघू. वर्षभर! त्याची अकरा झाली.

तीन वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या शहरात मोठ्या इस्पितळात विभागप्रमुखाची जागा मिळाली. मीच म्हटलं, जा. आधी दर शनिवारी यायची. मग महिन्याने. मग वकिलाची नोटीस आली. दादाने विचारलं, दुसरं कोणी आहे का? नाही. असतं तर सोपं झालं असतं, शिव्या घालायला कोणीतरी मिळालं असतं.

शेवटी दादा म्हणाला, अर्ज मागे घे, मी बघतो तुझं. म्हणजे बायकोकडून नको, भावाकडून घे. ती लाचारी चालते.

१९ मार्च, गुरुवार

तिचे वकील आजारी. पुढची तारीख.

आजोबा आज येऊ शकले नाहीत म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंच्या हातापाया पडून त्यांना बसवलं होतं. त्यांचं एक गिऱ्हाईक गेलं. कशासाठी? वकिलाच्या सर्दीसाठी.

२ एप्रिल, गुरुवार

उलटतपासणी. आजचं सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप लागायची नाही.

तिचे वकील रुंद टाय लावतात, मी त्यांना मनात टायवाले म्हणतो. आवाज एकदम गोड. आधी माझी तब्येत विचारली. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. पाठ? अधूनमधून. म्हणजे धडधाकट आहात, छान. शिक्षण विचारलं, जुनी नोकरी विचारली. नोकरी सोडायला कोणी जबरदस्ती केली का, हे विचारलं. नाही म्हणालो. खरंच कोणी केली नव्हती.

मग म्हणाले, "सासूबाई दुपारी झोपतात?"

"हो."

"त्या वेळात आपण काय करता?"

"कपडे वाळत घालतो. औषधं आणतो. कधी मीही पडतो."

"म्हणजे आपण दुपारी झोपता."

"कधी कधी."

"इकडे माझ्या अशिलाला दुपारी झोपायला मिळत नाही. त्या शस्त्रक्रियागृहात उभ्या असतात." आणि बसले खाली. झालं.

मागची बाकं पुन्हा नाकातून.

आणि मी! मी तसाच उभा. परत येताना, पुलाच्या मध्यावर, उत्तर सुचलं. मी दुपारी पडतो कारण रात्री उठतो. आईंना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांच्या पाठीवर एक जखम नाही. एवढ्या वर्षांत एक नाही. कोणत्याही डॉक्टरला विचारा – तिलाच विचारा, ती डॉक्टर आहे! हे सगळं मला पुलावर सुचलं. पुलावर न्यायाधीश नव्हते.

वकीलबाईंना फोन केला, हे आता सांगता येईल का? म्हणाल्या, फेरतपासणीत विचारायला हवं होतं, माझ्याही लक्षात आलं नाही. निदान खरं बोलल्या.

३ एप्रिल

आज दुपारी झोपलो नाही. मुद्दाम. खुर्चीत ताठ बसून राहिलो, जणू टायवाले दारातून बघतायत. मूर्खपणा.

११ एप्रिल, शनिवार

धडधाकट आहे ना? ठीक. जुन्या साहेबांना जाऊन भेटलो. आता त्यांची स्वतःची कंपनी आहे, यंत्रं विकणं आणि देखभाल. प्रेमाने बसवलं, कॉफी मागवली. मग तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत घेऊन गेले. एक यंत्र उघडून ठेवलं होतं. मी वाकून बघितलं. आम्ही ज्याला हात लावायचो त्यातलं त्यात काहीच नाही. झडपा नाहीत, नळ्या मोजक्या. सगळं पडद्यावर. एक पोरसवदा मुलगी लॅपटॉप जोडून त्याच्याशी बोलत होती, म्हणजे टाइप करत होती.

साहेब म्हणाले की शिकता येईल, त्यांच्याकडे सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो, पण पूर्ण वेळ, सकाळ ते संध्याकाळ, आणि त्या काळात पगार नाही. मग म्हणाले, "तू कारागीर चांगला होतास रे."

होतास.

घरी आलो तर आईंनी शिंपीणबाईंच्या हातचं जेवण अर्धं टाकलेलं. माझ्या हातून बाकीचं खाल्लं. चिडलो त्यांच्यावर. मी जन्मभर इथंच बसायचं का? असं म्हणालो. मोठ्याने. भुवई उडाली नाही, खाली गेली.

२१ एप्रिल, मंगळवार

मध्यस्थीची बैठक. कोर्टाच्याच इमारतीत, गोल टेबल, टिश्यूचा डबा. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश, सारखे घड्याळ काढून बघणारे. आम्ही दोघं समोरासमोर, पहिल्यांदा एवढ्या जवळ. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

त्यांचा प्रस्ताव टायवाल्यांनी मांडला. आईंसाठी एक शुश्रूषा केंद्र बघितलंय, चांगलं आहे, तिथे हलवायचं. फ्लॅट तिच्या नावावर, तो रिकामा करायचा. आणि मी पोटगीचा अर्ज मागे घेतला तर आईंना हलवेपर्यंत मला दरमहा काही रक्कम – परिचारकाच्या दराने.

परिचारकाच्या दराने!

मी म्हणालो, मी परिचारक नव्हतो, नवरा होतो. मध्यस्थ म्हणाले की शब्दांवर अडू नका. मग कशावर अडू?

आईंना केंद्रात पाठवायला मी तयार नाही, हेही सांगितलं. टायवाल्यांनी गोड आवाजात विचारलं की आपलं नातं काय त्यांच्याशी, म्हणजे घटस्फोटानंतर? याचं उत्तर मला पुलावरही सुचलं नाही.

ती तेवढ्यापुरती बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी थेट.

"मी शनिवारी यायचे तेव्हा बेल वाजवायचे. किल्ली पर्समध्ये असायची, तरी बेल वाजवायचे. तुमचं दोघांचं काहीतरी चाललेलं असायचं, जेवण, गाणी, तुमचे ते इशारे. मी उभी राहायचे हातात बॅग घेऊन. आईला काय हवंय ते तू मला भाषांतर करून सांगायचास. माझ्या आईचं."

मी म्हणालो, मग शिकायचं होतंस.

ती म्हणाली, "कधी? पैसे कोण कमावणार होतं?"

मध्यस्थांनी घड्याळ बघितलं. बैठक निष्फळ.

२२ एप्रिल

परिचारकाचा दर नको म्हणतोस, मग पोटगी मागतोस ती काय वेगळी? वेगळी आहे. कशी, ते दोनदा लिहिलं आणि खोडलं.

३० एप्रिल, गुरुवार

न्यायाधीशांनी हुकूम केला होता की सासूबाईंना कुठे राहायचंय ते त्यांनाच विचारा. अखेर एक शहाणा माणूस! कोर्टाच्या समुपदेशक बाई आज घरी आल्या. आईंना सकाळीच आंघोळ घातली, निळा झगा, केस विंचरले. घर लखलखीत. मला मनातून विजय दिसत होता. आईंना काय हवं ते मला माहीत नाही तर कोणाला?

बाई तरुण, बोलायला शांत. बरोबर चित्रांचे पुठ्ठे – घर, पलंग, झाड, बाई, पुरुष, मोठी इमारत. शब्द नसलेल्या माणसांशी असं बोलतात म्हणे. मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लावून घेतलं. माझंच दार!

जिन्यात बसलो. खालचा धोबी वर येताना म्हणाला, काय किल्ली हरवली का? हो म्हटलं.

बराच वेळ लागला. बाई निघाल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. आई दमल्या होत्या, माझा हात धरून झोपल्या. म्हणजे आपलंच झालं, असं समजलो.

६ मे, बुधवार

आईंना केंद्रात जायचंय.

समुपदेशक बाईंनी कोर्टात सांगितलं. तीनतीनदा विचारलं, पुठ्ठ्यांची जागा बदलून विचारलं, उलटं विचारून बघितलं. दरवेळी बोट मोठ्या इमारतीवर. घरावर नाही. घराचा पुठ्ठा उचलून बाजूला सारला म्हणे. डाव्या हाताने. त्या डाव्या हाताला व्यायाम कोणी दिला? मी!

टायवाले लगेच उभे. अर्जदार नोकरी करू शकत नाही कारण सासूबाईंना सांभाळतो, हा अर्जाचा पाया होता. सासूबाईच जायचं म्हणतात. आता अर्जदाराला दुपारी झोपण्यापलीकडे काम काय? न्यायाधीशांनी त्यांना दटावलं. दटावलं, पण लिहून घेतलं.

बाहेर वकीलबाई पाण्याच्या यंत्रापाशी उभ्या राहून दोन ग्लास प्यायल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याच साक्षीदाराने तुमची केस पाडली."

मी म्हटलं, साक्षीदार नाही, सासू.

७ मे

आईंचं सगळं केलं. एक शब्द बोललो नाही. त्यांनी दोनदा "अरे" म्हटलं. मी खिडक्या पुसल्या.

९ मे, शनिवार

आज राहवलं नाही. समोर बसलो आणि विचारलं – माझं काय चुकलं? कुठे कमी पडलो? त्या तिथल्या अनोळखी पोरी तुमच्या मानेखालची उशी बरोबर लावतील का? तुम्हाला उजवीकडे तोंड करून झोप येत नाही, हे कोण सांगणार त्यांना?

आई माझ्याकडे बघत राहिल्या. तोंड हललं. शब्द जुळवताना त्यांचा जबडा थरथरतो, मला बघवत नाही, एरवी मी लगेच अंदाजाने पुढचं बोलून टाकतो. आज थांबलो. मुद्दाम. बोला म्हटलं.

"अरे... बस. बस. जा."

बस म्हणजे खाली बस की पुरे झालं? आणि जा म्हणजे मी जाऊ, की त्या जातायत? विचारलं तर डोळे मिटून घेतले. बाकी सगळं कळतं हो त्यांना! मला छळायचं तेवढं नेमकं कळतं.

१७ मे, रविवार

लेक आली वसतिगृहातून. कपड्यांचं गाठोडं, भूक, आणि येताना तिच्या आईकडे दोन दिवस राहून आलेली. मी काही विचारायचं नाही ठरवलं होतं. ठरवलेलं कधी टिकतं?

आजीपाशी बसून तिने नखं रंगवून दिली. दोघींचं काही चाललं होतं. मी भांडी घासत ऐकत होतो, कळत नव्हतं. मला वाटलं, मी नाही आवडलो त्यांना, आणखी काय. तसं मी पोरीला म्हणालोसुद्धा.

ती चिडली. म्हणाली की बाबा, आजीला तुमच्या मनाविरुद्ध काही हवं असू शकतं की नाही? ती तुमची आहे म्हणून तिचं डोकंही तुमचंच का? मी म्हटलं, तू आईच्या बाजूची झालीस. इथे ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"मी कोणाच्याच बाजूची नाही. वसतिगृहात मैत्रिणी विचारतात तुझे बाबा काय करतात. मी सांगते, आजीला सांभाळतात. कोणीही हसत नाही, बाबा. तुम्हालाच लाज वाटते. कोर्टात लोक हसले ते तुम्ही घरी घेऊन आलात, आणि तेव्हापासून घरभर तेच आहे."

मग रडली. मग जेवली. मग गेली. निघताना माझ्या हातात कपड्यांचं गाठोडं तसंच होतं, धुवायचं राहिलं. पुढच्या वेळी, म्हणाली.

सगळेच शहाणे झालेत या घरात.

२५ मे, सोमवार

कोर्टाच्या परवानगीने ती आठवडाभर इथे राहायला आली. आईंजवळ राहायचं, केंद्र दाखवून आणायचं. तेवढे दिवस मी घराबाहेर. सुट्टी! सगळे असंच म्हणतायत, वकीलबाईसुद्धा.

ती बॅग घेऊन दारात. बेल वाजवली.

मी समजावायला लागलो – औषधं, रात्री वळवणं, व्यायाम. ती म्हणाली, माहितीये मला, मी डॉक्टर आहे. मग थोड्या वेळाने विचारलं, कंगवा कुठे असतो? मी दाखवला. न्हाणीघरातला पाट, जादा चादरी, गॅसचं बटण जे दाबून फिरवावं लागतं. तिचंच घर, आणि मी पाहुण्याला दाखवावं तसं दाखवतोय. तिलाही ते जाणवलं असणार.

आईंना येतो म्हणालो. त्यांनी भिंतीकडे बघितलं.

२८ मे, गुरुवार

दादाकडे. वहिनी मला भांड्यांना हात लावू देत नाहीत. लावला की "अहो भावजी, असू द्या" करत धावतात, शेजारी बघतील म्हणून. दादाने शेजाऱ्याला सांगितलं, भाऊ सुट्टीवर आलाय.

हाताला काम नाही. सकाळी उठून कोणाला उठवायचं नाही. दुपारी खरोखर झोपलो. भर दुपारी, पाय पसरून, आणि जागा झालो तो घाबरून, की आईंना वळवायचं राहिलं! मग आठवलं. मग तसाच पडून राहिलो छताकडे बघत. टायवाल्यांनी बघायला हवं होतं, काय मजेत झोपतो ते.

फोन केला नाही. तिनेही केला नाही.

१ जून, सोमवार

परतलो. ती स्वयंपाकघरात स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून. चेहरा उतरलेला, केस न विंचरलेले. पहिल्या पहिल्या आठवड्यांत मीही असाच दिसायचो. मला, खरं सांगतो, जरा बरं वाटलं. कळलं ना आता!

ती म्हणाली, "मी विरोध मागे घेते. तुझ्या अर्जावर सही करते."

कशाला? असं विचारलं. ती म्हणाली, विचारू नकोस. वकिलाशी बोलली आहे, ते नाखूश आहेत, पण ठरलंय. मग बॅग उचलली, आईंच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली थोडी, आणि गेली.

आई केंद्र बघून आल्यात म्हणे. कसं वाटलं, विचारलं. मान हलवली. बरं, चांगलं, अशी. मग माझा शर्ट धरून ओढला, जवळ बस म्हणून. आता बस म्हणजे बसच.

वकीलबाईंना कळवलं. त्यांना संशय. काहीतरी चाल असणार, वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका. मलाही संशय. एका आठवड्याच्या कष्टात माणूस विरघळतं का? मग एवढी वर्षं काय होतं?

९ जून, मंगळवार

झाला घटस्फोट. परस्पर संमतीने. आत गेलो नवरा, बाहेर आलो कोणी नाही. मध्ये एक स्टेपलर बिघडला म्हणून थांबलो होतो.

पोटगी मिळाली. कायमची नाही, ठरावीक मुदतीची – पुन्हा शिकून पायावर उभा राहीपर्यंत. फ्लॅट महिनाअखेर सोडायचा. न्यायाधीशांनी आदेश वाचताना एक वाक्य घातलं, की घर चालवणं हेही काम आहे आणि त्यामुळे दुसऱ्याचं काम शक्य होतं. मागची बाकं गप्प होती. मला आनंद व्हायला हवा होता ना? मी नुसता उभा. जिंकलो कुठे, तिने सोडून दिलं. दया आली तिला माझी. हसण्यापेक्षा दया वाईट. हसणाऱ्यावर निदान चिडता येतं.

हे वकीलबाईंना सांगितलं तर त्या फायली आवरता आवरता म्हणाल्या, "दया म्हणा, न्याय म्हणा, बँकेत दोन्ही सारखंच दिसतं. अभ्यासक्रमाला नाव नोंदवा."

मग मी विचारलं – आता आई माझ्या कोण?

त्यांनी चष्मा काढला. कायद्याने कोणी नाही, म्हणाल्या.

बायकोपासून घटस्फोट घ्यायला कलमं आहेत. सासूपासून कसा घ्यायचा, याचं एकही नाही. आपोआप होतो म्हणे.

१४ जून, रविवार

आईंना पोचवलं. गाडीत उचलून मीच ठेवलं, शेवटचं. त्या आता हलक्या झाल्यात. की मला सवय झालीये.

केंद्र चांगलं आहे. हेच जास्त लागलं. रुंद दारं, स्वच्छ, मागे झाडं. एक दणकट परिचारिका आली, हसली, आणि माझ्या हातातून चाकाच्या खुर्चीच्या मुठी घेतल्या. इतक्या सहज, की मी देतोय की ती घेतेय ते कळायच्या आत माझे हात रिकामे. मी उशीचं सांगायला लागलो, उजवीकडे तोंड करून झोप येत नाही ते. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, आजींनी मागच्या भेटीत दाखवलंय सगळं खुणा करून.

आईंनी वळून बघितलं नाही. एकदाही नाही! अकरा वर्षं, आणि मान वळवायला काय लागतं? डावीकडे तर वळते त्यांची.

घरी येऊन त्यांचा पलंग उभा करून ठेवला भिंतीला. खोली केवढी मोठी दिसते. मी कोणालाच नको होतो, हेच खरं. तिला नको होतो, आईंना नको होतो, आणि पैसे देऊन मोकळे झाले सगळे.

उद्यापासून अभ्यासक्रम. त्या लॅपटॉपवाल्या मुलीच्या हाताखाली.

२१ जून, रविवार

केंद्रात गेलो. जायचं नाही ठरवून गेलो. ती आधीच आलेली. आईंची खुर्ची खिडकीपाशी, एका बाजूला ती, एका बाजूला मी. बोलायला काही नव्हतं म्हणून विचारून टाकलं – सही का केलीस? दया आली?

"दया?" ती म्हणाली. "तू गेलास त्या दिवसापासून आईने माझ्या हातचं काही घेतलं नाही. चमचा पुढे केला की तोंड घट्ट. पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी रडायला लागले, विचारलं, काय हवंय तुला? केंद्रात जायचं होतं ना, नेते ना? तर तुझ्या खोलीकडे बोट. 'दे. त्याला दे. मग जाते.' मी देते म्हणाले, तेव्हा तोंड उघडलं."

आई खिडकीबाहेर झाडं बघत होत्या. जसं काही ऐकूच येत नाही.

आईंना ऐकू उत्तम येतं.